हात गेलेला नाही, पाण्याचा अंदाज गेला आहे: ४४ वर्षांनी जलरंगांकडे परतणाऱ्याला उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तिन्ही चित्रांचे फोटो मोठे करून पाहिले. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. सोलापूरला शाळेत असताना तुम्हाला इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेत ए ग्रेड मिळाली होती. पुढे पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी केलीत, ५८ पूर्ण झाल्यावर निवृत्त होऊन चिपळूणच्या घरी राहायला आलात आणि मे महिन्यात, ४४ वर्षांनी, रंगांची पेटी उघडलीत. तीन महिने रोज बसता. चित्र अर्ध्यावर येईपर्यंत बरं दिसतं, मग मातकट होतं. बारीक फांद्या काढताना हात थरथरतो. भिंतीवर तुमचं नववीतलं वस्तुचित्र फ्रेम करून लावलेलं आहे आणि घरची मंडळी म्हणतात, तेव्हाचंच बरं होतं. तुम्ही विचारता: हात गेला का? गेला नसेल तर पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करायची का? आणि कागद, रंग, क्लास यांचं काय?

हात गेलेला नाही. वाशिष्ठी नदीवरच्या पुलाच्या चित्रात मागे जाणाऱ्या खांबांमधलं अंतर तुम्ही ज्या हिशेबाने कमी करत नेलं आहे, ते माझ्याकडे दोन-तीन वर्षं शिकलेल्यांनाही सहज साधत नाही. नोकरीभर रेषा काढल्यात, ती कमाई जागच्या जागी आहे. गेला आहे तो पाण्याचा अंदाज. ब्रशात पाणी किती, कागदावर किती आणि दोघांत जास्त ओलं कोण, हे एकेकाळी विचार न करता कळायचं, ते आता कळत नाही. मी नाशिकला ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि स्वतः निवृत्त झाल्यावर गेली ९ वर्षं घरी निवृत्त मंडळींचीच तुकडी घेते. शाळेत रंग हाताळलेली माणसं पुन्हा येतात तेव्हा तक्रार बहुधा तुमच्यासारखीच असते आणि शोधल्यावर कारणही हेच निघतं.

तुमच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट मिसळली आहे. पत्रात तुम्ही ती लिहिलीत, पण तिच्यावर थांबला नाहीत. रंगवायला शिकलात सोलापुरात, आणि आता रंगवताय चिपळुणात, तेही मे ते जुलै.

जलरंग वाळतो म्हणजे कागदावरचं पाणी हवेत जातं, इतकंच. सोलापूरची हवा वर्षातले बहुतेक महिने कोरडी. तिथे आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकून ब्रश धुवेपर्यंत वरची बाजू वाळायला लागलेली असते. तुमच्या हाताला शाळेत जी लय लागली ती त्या हवेची: एक थर, लगेच दुसरा, लगेच तिसरा. चिपळुणात जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की तिला आणखी घ्यायला जागा नसते. तोच वॉश अर्धा-पाऊण तास ओलसर राहतो. तुम्ही मात्र सोलापूरच्या घड्याळाने दुसरा थर चढवता. खालचा रंग अजून कागदाला धरलेला नसतो. तो उठतो, वरच्यात मिसळतो, तुम्ही तो सावरायला ब्रश आणखी फिरवता आणि दोन चांगल्या रंगांचा चिखल होतो. यात तुमच्या बुद्धीचा, वयाचा काही दोष नाही. सोलापूरचा तो नववीतला मुलगा आज चिपळुणात आणून बसवला असता तर त्याचंही चित्र असंच मातकट झालं असतं.

म्हणून श्रीगणेशा करायचा तो पाण्यापासून करा. पेन्सिलीचा गिरवून काही उपयोग नाही, ती तुम्हाला येते.

ओल्या कागदाच्या चार अवस्था मी शिकवते. पहिलीत पाणी कागदावर तळ्यासारखं साचलेलं असतं, बोर्ड कलता केला की ओघळतं. या अवस्थेत रंग टाकला तर तो पोहत राहतो आणि कुठे जाऊन बसेल त्याचा नेम नाही. दुसरीत पाणी मुरलेलं असतं, पण कागद डोळ्यांच्या पातळीत धरून पाहिला तर काचेसारखी एकसारखी चकाकी दिसते. ढग, धुकं, लांबचे डोंगर, पाण्यातली प्रतिबिंबं, सगळं मऊ कडांचं काम या अवस्थेतच होतं, आणि तिच्यासाठीच आपण जलरंगांवर जीव टाकतो. तिसरीत चकाकी जाते, कागद वाळल्यासारखा दिसतो, पण बोटाची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. फसवणारी अवस्था ही. इथे कागदापेक्षा ओला ब्रश लावलात की ब्रशातलं पाणी खालच्या रंगाला ढकलत नेतं आणि कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी नक्षी उठते. तुमच्या नारळांच्या रांगेवरच्या आभाळात उजवीकडे अशी दोन फुलं आहेत. तुम्ही ती पांढऱ्या रंगाने झाकायचा प्रयत्न केलात, त्यामुळे ती जास्तच दिसतात. चौथीत कागद गार लागत नाही. तेव्हाच तो खरा वाळलेला. दुसरा थर आता.

तुम्ही तिसऱ्या अवस्थेत चित्र रंगवता आहात. तिन्ही चित्रांचं निदान मला या एका वाक्यात करता येतं, म्हणून मला तुमची काळजी वाटत नाही.

यावर जो व्यायाम मी पहिल्या आठवड्यात देते तो तुम्ही घरी करा. चांगल्या कागदाची एक पट्टी घ्या, तिच्यावर पेन्सिलीने आठ चौकोन आखा. सगळे चौकोन एकदम सारखे ओले करा. घड्याळ समोर ठेवा. पहिल्या चौकोनात लगेच निळ्याचा एक ठिपका द्या, दुसऱ्यात तीन मिनिटांनी, तिसऱ्यात सहा, असं शेवटपर्यंत. प्रत्येक वेळी ब्रशात रंग आणि पाणी शक्य तितकं सारखं ठेवा. वाळल्यावर दिसेल की पहिला ठिपका चौकोनभर पसरला आहे, मधले मऊ झाले आहेत, एखाद्याला फ्लॉवरची नक्षी आली आहे आणि शेवटच्यांना धारदार कड आहे. खाली मिनिटं लिहा, तारीख लिहा, पाऊस होता का ते लिहा आणि पट्टी बसायच्या जागेसमोर चिकटवा. आठ चौकोन संपूनही धारदार कड आली नाही तर मिनिटं वाढवून दुसरी पट्टी करा. हीच पट्टी ऑक्टोबरात करा, जानेवारीत करा, एप्रिलात करा. चार पट्ट्या शेजारी लागल्या की तुमच्या घरच्या हवेचं घड्याळ तयार. ते तुम्हाला कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही, कारण व्हिडिओ करणारा दुसऱ्या गावात बसलेला असतो, कदाचित एसी लावून.

माझ्या तुकडीत एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. आम्ही रविवारी गोदाघाटावर बसतो. ते चित्राच्या मागे वेळ, ऊन की ढग, आणि वॉश किती मिनिटांत वाळला हे लिहायचे. मला आधी वाटलं, तिकिटांच्या हिशेबाची सवय असेल. दोन वर्षांनी पाहिलं तर घाटावर त्यांच्याइतका नेमका ओल्यावर ओला वॉश टाकणारं कोणी नव्हतं. डिसेंबरात सकाळी सातला पाण्यावर धुकं असतं तेव्हा कागद निवांत ओला राहतो, आणि एप्रिलात दहा वाजता नारोशंकराच्या देवळाची सावली रंगवायला घ्यावी तर पॅलेटमधला रंगसुद्धा वाळायला लागतो. एकच माणूस, एकच घाट, पण दोन्ही वेळी हात वेगळा चालवावा लागतो.

तुमच्याकडच्या पावसाळ्यात थांबणं फार आहे. थांबताना हात शिवशिवतो आणि मग ब्रश नको तिथे लागतो. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे एका वेळी तीन कागद लावणं. तिन्ही लहान ठेवा, पोस्टकार्डाच्या दुपटीपेक्षा मोठे नकोत. एकाचं आभाळ ओलं असताना दुसऱ्याची पेन्सिल, तिसऱ्यावर आधी वाळलेल्या भागातलं झाड. पहिल्याला परत बोटाची मागची बाजू लावून बघायची. गार असेल तर पुन्हा तिसऱ्याकडे. हेअर ड्रायर वापरायला हरकत नाही, पण चकाकी गेल्यावरच, लांबून आणि कमी गरम. तळं साचलेलं असताना हवा मारली तर ती रंगाला ढकलून ओघळ करते. डोक्यावरचा पंखा मात्र बंद ठेवा. त्याच्या वाऱ्याने कागदाची एक बाजू आधी वाळते, दुसरी मागे राहते आणि एका कागदावर दोन अवस्था झाल्या की सांभाळणं अवघड जातं.

आता कागद. यावर मी थोडी हट्टाने बोलते, कारण निवृत्त माणसं काटकसर नेमकी इथे करतात. तुम्ही लिहिलंत की, “हात बसेपर्यंत साधी ड्रॉइंगची वही वापरतो, मग चांगला कागद आणेन.” हे उलटं आहे. साध्या वहीचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि पातळ असतो. पाणी लागलं की फुगतो, खड्ड्यांत रंग साचतो, दोनदा ब्रश फिरवला की कागदाचे तंतू उठून गोळे निघतात. त्यावर शंभर चित्रं केलीत तरी पाणी कळणार नाही, कारण कागद पाण्याशी नीट वागतच नाही. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कापसाचा, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरबरीत कागद घ्या. फुल इम्पिरिअल शीट २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याचे सारखे सोळा तुकडे केले की प्रत्येक साडेपाच बाय साडेसात इंचांचा पडतो. एका महागड्या शीटची सोळा चित्रं होतात, दोन्ही बाजू वापरल्या तर बत्तीस. हिशेब मांडून पाहा, वाया जाणाऱ्या वहीपेक्षा हे फार महाग पडत नाही. हातकागद आवडत असेल तर तोही वापरा, मला त्याचा पोत फार आवडतो, मात्र तो जलरंगासाठी सायझिंग केलेला आहे ना, हे दुकानात विचारून घ्या.

सायझिंग म्हणजे कागदाला दिलेली जिलेटिनसारखी खळ. तिच्यामुळे पाणी वर टिकतं, एकदम शोषलं जात नाही. कोकणात या खळीचीच राखण करावी लागते. दमट हवेत उघडा पडलेला कागद वर्षभराने टिपकागदासारखा वागायला लागतो. वॉश टाकला की मध्येच गडद ठिपके उमटतात आणि ते कशानेही जात नाहीत. आलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, लोखंडी कपाटात आडवा ठेवा. भिंतीला टेकून नको, पलंगाखाली नको. पुड्या ऊन मिळेल तेव्हा वाळवून घ्या. साठाही करू नका, एका पावसाळ्यात लागेल तेवढाच आणा. पूर्ण झालेली चित्रं फ्रेम केलीत तर काचेला कागद चिकटू नये म्हणून मध्ये माउंटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी ठेवा आणि बाहेरच्या ओल्या भिंतीवर लावू नका.

रंगांबद्दल. तुम्ही २४ ट्यूबांचा संच घेतलात. त्यातल्या १८ ट्यूबा कपाटात ठेवा. बाहेर ठेवायचे रंग असे: गॅम्बोज किंवा लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, एक लाल, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. सहा झाले. मातकटपणाचं दुसरं कारण हेच की समोर चोवीस रंग असले की हात चारपाच रंगांत जातो आणि पिवळा, लाल, निळा तिघेही एका मिश्रणात आले की रंग मरतो. दोनच रंगांत काय होतं ते आधी पाहा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या एका जोडीवर तुमचा सगळा पावसाळा निघेल. निळा जास्त तर भरलेलं आभाळ, सारखे घेतले तर ओल्या रस्त्याचा करडा, सिएना जास्त तर भिजलेला जांभा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि करड्याला आपोआप पोत येतो. जांभ्या दगडाचा गडगा रंगवायला याहून चांगलं काही मला माहीत नाही. संचातला काळा वापरून केलेला करडा त्याच्याशेजारी ठेवून बघा, तुमचं तुम्हालाच कळेल.

तयार सॅप ग्रीन तुम्ही तिन्ही चित्रांत सरसकट वापरला आहे. नारळ, तुळस आणि नदीकाठचा झाडोरा यांचा हिरवा एकच आलाय. तुळशीच्या हिरव्यात जांभळट काळोख असतो, नारळाचा हिरवा पिवळ्याकडे झुकतो, लावणी झालेल्या खाचरांचा हिरवा तर डोळ्यांना झोंबतो. गॅम्बोजात प्रशियनचा टिपका टाकत दहा हिरवे बनवा, त्यांतल्या पाचांत थोडा बर्न्ट सिएना घालून त्यांचा तोरा कमी करा.

एक सावधगिरीची गोष्ट. विद्यार्थ्यांच्या संचांत मिळणारे काही गुलाबी-लाल रंग उजेडाने उडतात. जुन्या पद्धतीचा अ‍ॅलिझरिन क्रिमसन त्यासाठी प्रसिद्ध आहे. तुम्ही नातवंडांसाठी चित्र ठेवू पाहता आहात, म्हणून ट्यूबवर टिकाऊपणाची खूण बघून घ्या. खात्री नसेल तर रंगाची पट्टी अर्धी काळ्या कागदाने झाका आणि मार्च-एप्रिलचं ऊन येणाऱ्या खिडकीत दोन महिने लावा. झाकलेला आणि उघडा भाग वेगळे दिसले की तो लाल बाद.

ब्रश एकच सांगते: १२ नंबरचा गोल, चांगलं टोक येणारा, सिंथेटिक चालेल. आणि ते टोक जिभेने करू नका. शाळेत आपण सगळेच करायचो, मुलांना ओरडून ओरडून मी थकले. काही रंगांत कॅडमियमसारखी विषारी द्रव्यं असतात.

परीक्षेबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या पत्रात ती ए ग्रेड चार वेळा आली आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात ब्रश दिला, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. मी स्वतः त्याच वाटेने आले. पण परीक्षेसाठी घोटलेल्या काही सवयी आता उतरवायला हव्यात. कागदाचा कोपरान् कोपरा भरायचा, पेन्सिलीची बाह्यरेषा गडद काढायची, मग आत रंग भरायचा, वेळ संपायच्या आत सगळं पुरं करायचं. परीक्षक लांबून पाहणार, म्हणून सगळंच ठळक. तुमच्या तुळशीवृंदावनाच्या चित्रात प्रत्येक पानाला कड आहे, विटेला कड आहे, मागच्या भिंतीलाही तितकीच कड आहे. आरेखकाच्या नोकरीने ही सवय आणखी पक्की केली असणार, आराखड्यात रेषा धूसर ठेवून चालत नाही. चित्रात चालते. वृंदावनाची उजेडाकडची बाजू आणि मागचं आभाळ यांच्यात रेषच काढू नका, दोन्ही कागदाच्या पांढऱ्यात एकत्र होऊ द्या. डोळा ती कड आपली आपण पुरी करतो. पहिल्यांदा करताना तुम्हाला अपुरं सोडल्यासारखं वाटेल. आठ दिवसांनी ते चित्र पुन्हा बघा.

आणि पांढरा रंग शक्यतो नको. जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. तो सुरुवातीलाच ठरवून राखावा लागतो.

घरच्यांनी म्हटलं तेव्हाचंच बरं होतं, ते मनाला लागलंय हे पत्रातून कळतं. ते वस्तुचित्र खाली काढू नका, चांगलं आहे. पण त्याची तुलना नदीच्या चित्राशी होत नाही हे ध्यानात घ्या. घडा, बादली आणि दोन फळं तासन् तास समोर हलत नाहीत, उजेड खिडकीतून एकाच बाजूने येतो, आणि तसले पंचवीस गट तुम्ही परीक्षेआधी काढले असणार. वाशिष्ठीचं पाणी भरतीबरोबर चढतं, ढग बदलतात, आणि असलं चित्र तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा करता आहात. शिवाय तेव्हा तुम्हाला जेवढं दिसत होतं तेवढं तुम्ही काढलंत. आता पाण्यात पुलाची सावली कुठे तुटते हेही दिसतं. नजर ४४ वर्षं वाढत राहिली आणि ब्रश तिथेच थांबला. म्हणून स्वतःचं काम स्वतःलाच खटकतं. खटकतंय, हे मला चांगलं चिन्ह वाटतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांना स्वतःचं काहीच खटकत नाही त्यांना शिकवणं फार कठीण जातं.

वयाची शंका काढायचीच असेल तर तुमच्याच कोकणातल्या माणसाचं उदाहरण देते. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. जन्म १८८२. हातात समई घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. त्यांची मुलगी गीता त्यासाठी उभी राहिली होती. ते जलरंगात आहे, आणि १९४५-४६च्या सुमाराचं, म्हणजे चित्रकार साठी ओलांडलेला. हळदणकर जन्मभर चित्रकारच होते, त्यांची आणि आपली बरोबरी नाही. पण बोटांमधून आणि चेहऱ्यावर पडलेला तो उजेड राखायला पाण्यावर जो ताबा लागतो, तो साठीनंतरच्या हातात राहू शकतो, एवढं त्या चित्रापुढे उभं राहिलं की पटतं. जमलं तर एकदा म्हैसूरला जाऊन या. छापील प्रतीत तो उजेड येत नाही.

थरथरीचं मात्र अंगावर काढू नका. आधी साधी कारणं बघा. तुम्ही बसून, मनगट कागदावर टेकवून, ब्रश अगदी केसांजवळ धरून फांद्या काढता, फोटोत एका ठिकाणी हात दिसतोय. ही लेखणीची पकड आहे. ब्रश मागे, दांड्याच्या मध्याच्याही मागे धरा आणि फांदी खांद्यापासून हात हलवून काढा, शक्य तर उभं राहून. बारीक थरथर रेषेत विरून जाते. जी उरते ती फांदीला शोभते, कारण आंब्याची फांदी पट्टीने आखल्यासारखी कधी नसते. रंगवण्याआधीचा चहा तासभर पुढे ढकला. दम्याच्या काही औषधांनीही हात कापतो, घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. आणि हात मांडीवर निवांत असतानाही थरथरत असेल, किंवा एकाच हाताला होत असेल, तर चित्राचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

डोळ्यांचंही तसंच. तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर त्याचा जवळचा भाग खाली आणि अरुंद असतो, बोर्ड पूर्ण दिसायला मान सारखी वरखाली करावी लागते आणि कडा वाकड्या दिसतात. डोळ्यांपासून बोर्डापर्यंतचं अंतर टेपने मोजा, साधारण ५० ते ६० सेंटिमीटर भरेल, आणि तेवढ्याच अंतराचा साधा एकेरी नंबरचा चष्मा करून घ्या. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर पांढरा पिवळट दिसतो, निळे रंग मळकट वाटतात आणि माणूस नकळत ते जास्त भडक लावतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं असं झालं होतं. १९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मग सगळं निळसर दिसतंय अशी त्याची तक्रार सुरू झाली. माझ्या तुकडीतल्या दोघींनी शस्त्रक्रियेनंतर आपली आधीची चित्रं पाहून विचारलं, “एवढं निळं आम्ही कधी लावलं?” तेव्हा रंग विचित्र वाटायला लागले तर स्वतःला दोष देण्याआधी डोळे तपासून घ्या. जुलैतला काळोख वेगळाच. खिडकीशेजारी बसा, आणि दिवा लावायचाच तर पिवळा नको, दिवसाच्या उजेडासारखा पांढरा लावा.

क्लास लावू का, असं विचारलंत. निव्वळ तंत्रासाठी तुम्हाला क्लासची घाई नाही. सोबतीसाठी मात्र हवा. चिपळूण परिसरात कलाशिक्षक असतीलच, शाळेत चौकशी करा. तुमच्यासारखे निवृत्त तिघे-चौघे जमले आणि रविवारी एकत्र बसले तरी पुरे. आठवड्यातून एकदा आपलं चित्र दुसऱ्यांच्या चित्रांशेजारी जमिनीवर मांडून सगळ्यांनी उभ्याने बघायचं. एवढ्याने जे कळतं ते मला शिकवून सांगता येत नाही. बाहेर बसलात की लोक मागे उभे राहतात, शाळेतली पोरं “काका, हे काय काढलंय” विचारतात. पहिले दोनतीन रविवार जीव संकोचतो, मग त्यांच्याशी बोलत बोलत रंगवता येतं.

व्हिडिओ बघायला हरकत नाही, पण चित्र त्याच्याबरोबर थांबत थांबत करू नका. पूर्ण बघा, बंद करा, मग करा. आणि दुसऱ्याने काढलेल्या युरोपातल्या बर्फाची नक्कल करण्यात दिवस घालवू नका, तुमच्या दारात काय काय आहे!

रोज किती बसायचं? चाळीस मिनिटं. तुम्ही सकाळी तीन-तीन तास बसता आणि त्यातले शेवटचे दोन चित्र बिघडवण्यात जातात, असं तुमच्याच वर्णनावरून वाटतं. गजर लावा. गजर झाला की ब्रश धुवायचा, चित्र अपुरं असलं तरी. अपुरं चित्र दुसऱ्या दिवशी नव्या डोळ्यांनी दिसतं आणि बऱ्याचदा ते पुरंच असतं.

पहिला महिना पूल नको, नारळांची रांगही नको. परसातल्या बावीचा फोटो तुम्ही सहज म्हणून जोडलात, जांभ्याचा कठडा, शेवाळलेला आणि मागे केळीचं एक पान. तीच काढा. आठ दिवस तीच, रोज तीन लहान कागद. पहिल्या दिवशी फक्त अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, बाकी काही नाही. चौथ्या दिवसापासून पिवळा घ्या, केळीच्या पानापुरता. कठड्याचा वरचा ओला काठ, जिथे आभाळ चमकतं, तो कोरा सोडा. आठवड्याच्या शेवटी चोवीस कागद ओटीवर मांडून घरच्यांना त्यांतला एक निवडायला सांगा, कारण न विचारता. आणि मला तो एक आणि पट्टीचा फोटो पाठवा, पट्टीखालच्या मिनिटांसकट.